एकाच जंतूचे दोन नमुने

मी बरी झाले. रेवा झाली नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात पुढे आशा राहणार नाही. मला तशी आशा पाच दिवस लावून ठेवली होती.

ज्यांचं मूल आज एखाद्या वॉर्डात आहे त्यांनी हे आत्ता वाचू नये. पुढे कधीतरी वाचा. मी लिहितेय ते ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि ज्यांच्या गल्लीत कुणीतरी सांगून गेलंय की 'त्या बाईंच्या मुलीला सगळ्या लशी दिल्या होत्या, तरी गेली', त्यांच्यासाठी. त्या बाई म्हणजे मी. माझ्याबद्दल बोललं जातंच आहे, तर पूर्ण हकिगत माझ्याकडूनच ऐका.

आधी ताप मला आला

आम्ही सोलापुरात सात रस्त्याच्या मागे दोन खोल्यांत राहतो. मी जवळच्या एका बालवाडीत शिकवते. माझे यजमान प्रशांत श्रीपूरला साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. गाळप सुरू झालं की ते तिकडेच राहतात, आठवड्यातून एकदा घरी येतात. त्यामुळे रेवा आणि मी दोघीच. ती अडीच वर्षांची होती. वर्गात बसायचं तिचं वय नव्हतं, पण घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून रोज माझ्याबरोबर यायची आणि मोठ्या मुलांच्या मागे मांडी घालून बसायची. अंक म्हणताना 'एक, दोन, पाच' असं म्हणायची आणि पाचला सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायची.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. अर्धी मुलं खोकत होती. सोमवारी माझं अंग मोडून आलं, मंगळवारी थंडी वाजून ताप भरला. मी गोळी घेतली आणि शाळेत गेले. हवा बदलली की होतं असं, हे मीच सगळ्यांना सांगत होते. श्वास घेताना उजव्या कुशीत कळ येत होती, तीसुद्धा मुलांना उचलून घेतल्यामुळे असेल असं धरून चालले.

बुधवारी दुपारी रेवाला ताप आला. गुरुवारी सकाळी तिनं दोनदा उलटी केली आणि खिडकीकडे पाहिना. मी तिला उचलून घेतलं तर ती जास्त रडायला लागली. खाली ठेवलं तर गप्प. पुन्हा उचललं, पुन्हा तसंच रडली. अडीच वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काहीही झालं तरी कडेवर घेतलं की ती शांत व्हायची. त्या दिवशी माझ्या हातांनी तिला दुखत होतं.

मी डॉक्टर नाही, म्हणून आजाराची माहिती देत बसत नाही. एवढंच सांगते. तापलेलं मूल उचलल्यावर जास्त रडत असेल, उजेड सहन करत नसेल, मान पुढे वाकवत नसेल, सुस्त पडून राहत असेल, तर तिथूनच रिक्षा करा. मी केली. उशीर झाला असं मला कुणी म्हणालं नाही. उशीर झाला नाही असंही कुणी म्हणालं नाही.

गुरुवार

मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या विभागात एका तरुण डॉक्टरनं रेवाच्या डोक्याखाली हात घालून मान वाकवून पाहिली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं भराभर सूचना दिल्या. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा कळलं नाही, पण लक्षात राहिलं. तो सिस्टरला म्हणाला, "आधी रक्त घ्या, मग इंजेक्शन."

रक्त घेतलं. मग तिच्या पाठीतून पाणी काढलं. मला बाहेर उभं केलं होतं. तिचं रडणं ऐकू येत होतं तोवर मला बरं वाटत होतं.

मी पिशवीतून लसीकरणाचं कार्ड काढून डॉक्टरला दाखवलं. सगळे रकाने भरलेले होते. एकही तारीख चुकवली नव्हती, याचा मला अभिमान होता. तो ते नीट पाहून म्हणाला की हे चांगलं आहे, मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे, उपचार सुरू केलेत. मी विचारलं की लस दिलेली असताना असं कसं. तो म्हणाला की लस बऱ्याच प्रकारांवर असते, सगळ्यांवर नसते. मला ते समजून घ्यायला वेळ नव्हता, कारण मला भिंत धरावी लागली होती.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या बोटाला क्लिप लावली. म्हणाली, "ताई, ऑक्सिजन तर तुम्हालाच लागतोय." मी नको म्हणत होते. प्रशांत श्रीपूरहून निघाले होते, दुपारपर्यंत पोचतील, तोवर मी बसते, असं मी तिला समजावत होते. वाक्य पूर्ण होत नव्हतं. मला व्हीलचेअरवर बसवलं.

निघताना त्यांनी खुर्ची रेवाच्या खाटेजवळ नेली. तिचे डोळे अर्धवट उघडे होते. हाताला सुई चिकटपट्टीनं बांधली होती, आणि हात हलू नये म्हणून खाली पुठ्ठा लावला होता. मी तिच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "आई आत्ता येते हं."

मी तिच्याशी बोललेलं ते शेवटचं.

दोन इमारती

मोठ्यांचा अतिदक्षता विभाग दुसऱ्या इमारतीत होता. मध्ये एक आवार, त्यात चिंचेचं झाड, झाडाखाली नातेवाईक डबे उघडून बसलेले. हे मला नंतर कळलं, बरी होऊन चालत बाहेर आले तेव्हा. आत असताना मला फक्त छत आणि तोंडावरचा मास्क. उजव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया होता आणि रक्तातही जंतू गेला होता.

तिथले दिवस सगळे एकसारखे होते. सकाळी सहाला दिवे लागत. सुई, रक्त, पुसापुशी, मोठ्या डॉक्टरांची फेरी, पुन्हा सुई. एक वयस्कर मावशी होत्या, झाडलोट करायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता माझ्या केसांतला गुंता सोडवला आणि घट्ट वेणी घातली. ते त्यांचं काम नव्हतं. त्या दिवसांतलं मला आठवतं असं बरं तेवढंच.

प्रशांत सकाळ-संध्याकाळ यायचे. मी मास्क बाजूला करून विचारायचे, कशी आहे. ते म्हणायचे, तशीच आहे, झोपवून ठेवलंय. शुक्रवारी ते तिच्याबद्दल दोन वाक्यं जास्त बोलले होते, की तिनं एकदा डोळे उघडले, की डॉक्टर बघताहेत. शनिवारी सकाळी आले नाहीत. संध्याकाळी आले तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाले, रस्त्याला धूळ फार आहे. त्यांच्यामागे दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्या वैरागला शेतावर राहतात, मी त्यांना आत्या म्हणते. त्या आत आल्याच नाहीत, पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, माझ्या नळ्या बघून घाबरल्या.

रविवारी मी रेवाचा व्हिडिओ मागितला. तिथं फोन चालत नाही म्हणाले. मी मानलं. मला मानायचंच होतं. त्या दिवसापासून मी त्यांना रोज निरोप द्यायचे. तिला सांगा, आई औषध घेतेय. तिला सांगा, आपण दोघी एकदमच घरी जाऊ. ते मान खाली घालून म्हणायचे, "सांगतो."

ते प्रत्येक 'सांगतो' रेवा गेल्यानंतरचं होतं.

फॉर्म

पुढच्या गुरुवारी सकाळी माझा मास्क निघाला आणि नाकात बारीक नळ्या लावल्या. मला बोलता यायला लागलं. अकराच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन आली. नाव सांगितलं डॉ. लावण्या. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातली होती, म्हणजे रक्त-थुंकीतले जंतू वाढवून ओळखण्याचं काम. मूळची सोलापूरचीच, विणकर घरातली. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं की पंधरा मिनिटं बोलता येईल का.

तिनं सांगितलं की माझ्या आणि रेवाच्या, दोघींच्याही रक्तात न्यूमोकोकस नावाचा जंतू वाढला आहे. त्याचे पुष्कळ प्रकार असतात. आपल्या भागात कोणते प्रकार मुलांना आजारी पाडताहेत याची नोंद करण्याचं काम तिच्याकडे होतं, म्हणून तिला काही माहिती हवी होती. मला बरं वाटलं. रेवाबद्दल कुणीतरी सविस्तर बोलत होतं.

मी उत्तरं दिली. घरात किती जण. चूल की गॅस. मुलगी कुठे जायची. लशीचे किती डोस. ती खाली बघून लिहीत होती. मग पुढचा रकाना वाचत म्हणाली, "ताप आल्यापासून मृत्यूपर्यंत तीन दिवस, बरोबर ना?"

मी विचारलं, "कुणाच्या मृत्यूपर्यंत?"

तिनं वर पाहिलं. तिला सगळं कळायला क्षणही लागला नसेल. ती त्या वेळी काहीही सांगू शकली असती. दुसऱ्या पेशंटचा कागद आहे म्हणाली असती तर मी तेही मानलं असतं. तिनं फाइल पलंगावर ठेवली आणि माझं मनगट धरलं.

"ताई, तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"

मी मान हलवली.

"शनिवारी," ती म्हणाली. "दुपारी."

मी ओरडले नाही. ओरडायला लागतो तेवढा श्वास माझ्याकडे नव्हता. उशाजवळचं यंत्र वाजायला लागलं, सिस्टर धावत आल्या, पुन्हा मास्क लावला. सिस्टर त्या मुलीला रागावत होत्या आणि ती उभी राहून रडत होती. पण तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

प्रशांत बाहेरच बसलेले असायचे. ते आत आले, माझ्याकडे पाहिलं आणि खाली फरशीवर बसले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस थांबा."

शनिवारपासून पाच दिवस झाले होते. मी तोंड भिंतीकडे केलं.

वैराग

दोन आठवड्यांनी मला घरी सोडलं. मी सोलापूरच्या खोलीवर जाणार नाही म्हणाले, थेट वैरागला न्या म्हणाले. लहान मुलांचं आमच्याकडे दहन करत नाहीत, त्यांना पुरतात. आमच्या शेताच्या बांधाला, विहिरीच्या पलीकडे, ताजी माती होती. वर काटेरी फांद्या टाकल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. त्या फांद्या बघून मी खाली बसले.

आत्या माझ्या मागे उभ्या होत्या. मी विचारलं, तिला शेवटी काय घातलं होतं. त्या म्हणाल्या, पिवळा फ्रॉक, मी हॉस्पिटलात नेलेल्या पिशवीत होता तो. मी विचारलं, अंघोळ कुणी घातली. म्हणाल्या, त्यांनी स्वतःच घातली, कोमट पाण्यानं. मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, मातीकडे बघत होत्या.

"म्या सांगितलं त्येला, बोलू नगंस म्हणून. त्येचा न्हाय दोष. तू बी गेली असतीस, पोरी. दोगींना कसं वाहिलं असतं आमी?"

मला तेव्हा त्यांची दया आली नाही. मी म्हणाले, "आत्या, माझं लेकरू होतं."

त्या म्हणाल्या, "व्हय." एवढंच.

नंतर प्रशांतनी मला एकदाच त्या दिवसाबद्दल सांगितलं. हॉस्पिटलातून वैरागपर्यंत त्यांनी रेवाला मांडीवर घेतलं होतं. रस्ता खराब. गाडी आदळली की ते तिचं डोकं हातानं धरायचे. ड्रायव्हरला सारखे म्हणत होते, हळू घ्या, हळू घ्या. आणि वैराग आलं तेव्हा त्यांना वाटलं, एवढ्या लवकर कसं आलं.

ते ऐकल्यावर मी त्यांचा हात धरला. राग गेला म्हणून नाही. राग होताच, आजही थोडा आहे. तिला मी शेवटचं पाहिलं नाही, ते पाहायचा हक्क माझा होता. कुणाच्या घरात अशी वेळ आली आणि बाहेर उभं राहून 'सांगायचं की नाही' असं ठरवत असाल, तर मला एवढंच म्हणायचंय, की सांगितलं असतं तर मी वाचले असते की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तुमच्या माणसाला पुढे आयुष्यभर हे पाच दिवस मोजत बसावं लागेल.

कुणाकडून कुणाला

मला एका प्रश्नानं खाऊन टाकलं होतं. ताप आधी मला आला होता. मंगळवारी मी तापातच तिला जेवू घातलं होतं, माझ्याच ताटातून. घरी कुणाला विचारलं की सगळे म्हणायचे, असं मनात आणू नकोस. ते उत्तर नव्हतं.

महिन्याभरानं मी डॉ. लावण्याच्या प्रयोगशाळेत गेले. प्रशांतही आले. मला दारात पाहून ती उभी राहिली. मग माफी मागायला लागली. मी तिला थांबवलं. म्हणाले, तू एकटीनंच मला सांगितलंस, म्हणून तुझ्याकडे आलेय.

तिनं सोप्या शब्दांत समजावलं. हा जंतू धडधाकट लहान मुलांच्या नाकात राहतो, महिनोन्‌महिने, काही न करता. त्याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. लस त्यातल्या ज्या थोड्या प्रकारांनी सर्वांत जास्त मुलं दगावतात त्यांच्यावर बनवलेली असते, आणि लशीमुळे ते प्रकार खरंच मागे हटतात. पण मग राहिलेल्यांपैकी कोण पुढे येतोय ते बघत राहावं लागतं. पुढच्या लशीत कोणते प्रकार घालायचे ते त्यावरून ठरतं. आपल्यासारख्या ठिकाणांहून नमुनेच थोडे येतात. इथं मूल हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्याच्या अंगात औषध गेलेलं असतं, मग रक्तात जंतू वाढत नाही, आणि काय होतं ते कधीच कळत नाही.

"रेवाचं रक्त इंजेक्शनच्या आधी घेतलं होतं," ती म्हणाली. "म्हणून कळलं."

आधी रक्त घ्या, मग इंजेक्शन. मला त्या वाक्याचा अर्थ तिथं कळला. तिच्या रक्तातला प्रकार लशीत नव्हता. माझ्यातलाही तोच. त्याला नाव नाही, एक आकडा आणि एक अक्षर आहे. तो मला पाठ आहे, पण इथं लिहीत नाही, कारण कुणी तो वाचून आपल्या मुलाच्या कार्डावर शोधत बसावं असं मला वाटत नाही.

मग मी विचारलं, "माझ्याकडून तिला गेला का?"

ती म्हणाली, बहुतेक वेळा उलट असतं, लहानांकडून मोठ्यांकडे जातो.

"बहुतेक वेळचं नको. आमचं सांग."

तिनं हातातला कागद बाजूला ठेवला. "ताई, खोटं सांगू का?"

"नको."

"मग माहीत नाही. ते कळायचा मार्ग नाही."

मी तिथं पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. ते 'माहीत नाही' मला कुणीतरी द्यायला हवं होतं.

निघायच्या आधी तिनं दोन कागद पुढे केले. आमच्या दोघींचे जंतू गोठवून ठेवायची आणि अभ्यासासाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची परवानगी हवी होती. माझा कागद मी लगेच सही करून दिला. रेवाच्या कागदावर प्रशांतचीही सही लागणार होती. त्यांनी विचारलं की गोठवल्यावर तो मरतो का. ती म्हणाली, नाही, पुन्हा वाढवता येतो.

प्रशांत कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. "माझी पोर गेली, आणि तो जिवंत ठेवायचा? जपून?"

डॉ. लावण्यानं समजूत काढली नाही, हे तिनं चांगलं केलं. प्रशांत उठून बाहेर गेले. रोज उसाच्या रसाचे नमुने तपासणारा माणूस आहे तो, नमुना का ठेवतात ते त्यांना कुणी शिकवायला नको. दहा मिनिटांनी परत आले, उभ्यानंच सही केली, आणि कागदावर रेवाचं नाव चुकीचं लिहिलं होतं ते पेनानं दुरुस्त केलं.

परत शाळेत

जानेवारीत मी बालवाडीत परत गेले. मुलांना सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. एकीनं विचारलं, रेवा मामाच्या गावाला गेली का. मी म्हणाले, नाही, रेवा देवाघरी गेली. ती बरं म्हणाली आणि पाटीवर गिरवायला लागली.

आयांचं तसं नव्हतं. वर्गातल्या तनिष्काची आई एक दिवस दारात थांबली. तिच्या कडेवर नऊ महिन्यांचं बाळ होतं. त्याचा डोस बुधवारी होता. ती द्यायचा नाही म्हणत होती, आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी तेच म्हणत होत्या. तिला वाईट बोलायचं नव्हतं. हळूच म्हणाली, "बाई, तुमी तर सगळं वेळेवर दिलं होतं की. काय उपयोग झाला?"

मला वाटलं, हिला निघून जा म्हणावं. मग कडेवरचं बाळ माझ्या मंगळसूत्राला हात घालायला लागलं आणि मी त्याच्याकडे पाहिलं.

मी तिला आत बसवलं आणि डॉ. लावण्यानं मला सांगितलं होतं ते जमेल तसं सांगितलं. लशीनं रेवाला काही केलं नाही. लशीत जे प्रकार होते त्यातला एकही तिच्या रक्तात सापडला नाही. ती गेली ती ज्यावर लस नव्हती त्यानं. जिथं कवच होतं तिथून तो आत आलाच नाही. आणि म्हणाले, "मला पुन्हा मूल झालं तर मी पहिल्या दिवसापासून तारखा लिहून ठेवीन. तुला पटत नसेल तर माझ्याकडे बघून दे."

बुधवारी ती मला न सांगता बाळाला डोस देऊन आली. गुरुवारी सकाळी बाळाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि थांबली. मी रकाना बघितला, परत दिलं.

त्यानंतर डॉ. लावण्याचं पथक आमच्या वर्गात आलं. पालकांना विचारून, सह्या घेऊन, मुलांच्या नाकातून नमुने घ्यायचे होते. बारीक काडी, टोकाला कापूस, दोन सेकंदांचं काम. मुलं घाबरणार म्हणून मी एकेकाला मांडीवर घेऊन डोकं धरलं. सगळ्यांची डोकी गरम लागत होती, ताप नसतानाही. लहान मुलांची असतातच.

काही आठवड्यांनी ती एकटी आली. शाळा सुटली होती. तिनं सांगितलं की वर्गातल्या एका मुलाच्या नाकात तोच प्रकार सापडला. तोच आकडा, तेच अक्षर. मूल ठणठणीत आहे, त्याला औषधाची गरज नाही, असा जंतू येतो आणि जातो. पण नोंद झाली. आमच्या भागात तो फिरतोय हे आता कागदावर आलं.

मी विचारलं, "कोण?"

ती म्हणाली, "ताई, ते मी सांगणार नाही. तुम्हालाही नाही."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा नाही म्हटलं. मला तिचा राग आला, आणि ती गेल्यावर मी रिकाम्या वर्गात मुलांच्या चटयांकडे बघत बसले. तो जंतू मला प्रत्येक चटईवर बसलेला दिसत होता. उद्या मी यांना कसा हात लावणार, असं मनात आलं. मी हे लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी अंक चालू होते, पाचपर्यंत आलो होतो. दुसऱ्या रांगेतून आराध्या उठून आली. चार वर्षांची, दोन शेंड्या, वरचा ओठ शेंबडानं भरलेला. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि चेहरा वर केला.

"बाई, नाक."

माझा हात थांबला. ती तशीच चेहरा वर करून, डोळे मिटून उभी होती. तिला खात्री होती.

मी रुमाल काढला, तिचं नाक पुसलं, दुसऱ्या घडीनं पुन्हा पुसलं, आणि तिला जागेवर पाठवलं. मग हात धुऊन आले आणि आम्ही सहापासून पुढे म्हणायला लागलो.